ओल

काश्मिरी भाषेत झऱ्याला ‘नाग’ म्हणतात. अनंतनाग, वेरीनाग, कोकरनाग, शेषनाग ही नावे नकाशावर वाचताना आजवर माझ्या डोळ्यांपुढे फणा काढलेला सर्प उभा राहत असे, परंतु श्रीनगरात दल सरोवरावरील पहिल्याच सकाळी आमच्या वृद्ध नावाड्याने, वल्हे पाण्याबाहेर धरून, ‘नाग म्हणजे जमिनीतून आपणहून वर येणारे पाणी, जनाब, जिथे नाग, तिथे गाव’, असे सांगितले, आणि पुढचे बारा दिवस त्या मुलखात जे जे पाहिले ते त्या एका शब्दाच्या आधारे मला वाचता आले. सर्प आणि झरा यांना एकाच शब्दात सामावून घेणाऱ्या या लोकांनी प्रत्येक उगमाला एक अधिष्ठाता नाग दिला होता. अकबराच्या राज्याचा तपशीलवार हिशेब मांडणाऱ्या अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त काश्मीर सरकारातील देवस्थानांची मोजदाद केली आहे, तीत महादेवाची ४५, विष्णूची ६४, ब्रह्मदेवाची ३ आणि दुर्गेची २२ स्थाने नोंदवून, नागांच्या कोरीव प्रतिमा जेथे पुजल्या जातात अशी स्थाने मात्र ७०० असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. जन्मभर जमाबंदीचे कागद वाचलेल्या माणसाशी असा आकडा पुष्कळ बोलतो. या खोऱ्यात मोठ्या देवांच्या आधी पाणी पुजले गेले, आणि त्यांची देवळे पडल्यावरही ते पुजले जातच राहिले.

माझी हयात महसूल खात्यात गेली. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील एका मामलेदार कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो, आणि पुढील सर्व वर्षे आणेवारी, पाणीपट्टी, तगाई, पाझर तलाव यांच्याच कागदांत वावरलो. काश्मीरच्या राजांची कथा सांगणारी कल्हणाची ‘राजतरंगिणी’ मी निवृत्तीनंतर वाचली, तीही रणजित सीताराम पंडित यांच्या इंग्रजी अनुवादातून. मराठी कुळातल्या या विद्वानाने स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवासात हे भाषांतर सिद्धीस नेले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. काश्मीरशी आपला दुसरा धागा पुण्यातच आहे. १८७५ साली मुंबई सरकारच्या वतीने गेऑर्ग ब्यूलर हा पंडित हस्तलिखितांच्या शोधार्थ काश्मिरात गेला होता. त्याने मिळवलेला संग्रह पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आला, आणि तेथे शारदा लिपीतले, भूर्जपत्रावर लिहिलेले ऋग्वेदाचे हस्तलिखित मी एकदा पाहिले होते. तांबूस, कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती पाने पाहताना मनात केवळ आदर होता. काश्मिरात कळले की जुन्या घरांच्या छपरांवर मातीच्या खाली याच भूर्जसालीचे थर अंथरीत, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. ज्या सालीने घरात ओल येऊ दिली नाही तिच्यावरच त्या लोकांनी वेद लिहिला, हे समजल्यावर पुण्यातली ती पाने मला निराळ्याच ममतेने आठवली.

‘नीलमतपुराणा’तली कथा अशी की हे सारे खोरे पूर्वी एक सरोवर होते. त्याचे नाव सतीसर. त्यात जलोद्भव नावाचा दैत्य राहत असे आणि पाण्यात असेपर्यंत त्याला मरण नव्हते. कश्यपाने देवांना साकडे घातले, विष्णूच्या आज्ञेवरून अनंताने नांगराच्या फाळाने पर्वत फोडला, पाणी वाहून गेले, दैत्य उघडा पडला व मारला गेला, आणि खाली उरलेल्या चिखलातून काश्मीर वर आले. भूगर्भशास्त्रज्ञही येथे प्राचीन सरोवर होते असेच म्हणतात, आणि त्याचा पुरावा रस्त्याच्या दुतर्फा उभा असतो. पांपुरजवळ केशराची शेते ज्या सपाट, पिवळसर टेकाडांवर आहेत ती टेकाडे म्हणजे त्या सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचे थर. गावकरी त्यांना ‘वुडर’ म्हणतात, आणि आठशेहून अधिक वर्षांपूर्वी कल्हणाने लिहिलेला ‘उड्डार’ हा शब्द तो हाच. आम्ही गेलो तेव्हा केशराचा हंगाम नव्हता, जमीन उघडी होती. मी खाली वाकून तेथील माती चिमटीत घेतली. ती पिठासारखी मऊ होती आणि तीत एकही खडा नव्हता. वाहत्या पाण्याने आणून टाकलेल्या मातीत खडे असतात, साचलेल्या पाण्याच्या तळाशी बसलेल्या मातीत ते नसतात.

श्रीनगरातील स्थळांविषयी मी थोडक्यात लिहितो. शंकराचार्यांच्या टेकडीवरून दल सरोवर आणि वितस्ता नदीची वळणे एका दृष्टीत येतात. हरिपर्वत या एकाच टेकडीवर शारिका देवीची शेंदूर माखलेली शिळा, मखदूम साहेबांची जियारत आणि पायथ्याशी शिखांच्या सहाव्या गुरूंचा गुरुद्वारा आहे. शहा हमदान यांची लाकडी खानकाह नदीकाठी उभी आहे, आणि तिच्या घाटाकडील भिंतीला, जेथे कालीचा झरा होता असे मानतात, तेथे शेंदराचा पट्टा दिसतो. खानकाहीत जाणारे आणि त्या पट्ट्यापुढे हात जोडणारे एकाच पायऱ्यांवरून चढतात. पांद्रेठण, म्हणजे ‘पुराणाधिष्ठान’, ही अशोकाच्या काळची जुनी राजधानी. तेथे आता एका कुंडाच्या मधोमध छोटे दगडी देऊळ तेवढे उरले आहे. त्याच्या छताचे कोरीवकाम पाहण्यासाठी मान वर करून उभे राहावे लागते आणि पायांखाली पाणी असते.

अवंतिपूरला मात्र मी पुष्कळ वेळ थांबलो. इ. स. ८५५ ते ८८३ या काळात राज्य करणाऱ्या अवंतिवर्म्याने येथे विष्णूचे आणि शिवाचे अशी दोन मंदिरे बांधली. शतकानुशतकांच्या गाळाने ती इतकी बुजली होती की विसाव्या शतकाच्या आरंभी उत्खनन होईपर्यंत स्तंभांचा बराच भाग जमिनीखालीच होता. रस्त्याच्या पातळीवरून आजही पायऱ्या उतरून अंगणात जावे लागते. तेथून पुढे मटणच्या पठारावर ललितादित्याचे मार्तंड मंदिर. आठव्या शतकातले हे सूर्यमंदिर आता छपरावाचून उभे आहे. सिकंदर सुलतानाच्या अमलात ते पाडले गेले. भोवतालच्या ८४ स्तंभांच्या प्राकारातले कित्येक स्तंभ कंबरेपर्यंतच उरले आहेत, पण गर्भगृहाच्या भिंतीचा करडा चुनखडी दगड अजून इतका सरळ उभा आहे की रचणाऱ्याच्या ओळंब्याचे कौतुक वाटते. कल्हणाने या मंदिराशेजारच्या नगराचे वर्णन करताना तेथील द्राक्षांचा उल्लेख केला आहे. मंदिर एका वुडरावर, म्हणजे जुन्या सरोवराच्या तळावर, बांधलेले आहे. जेथे एके काळी सूर्याचा किरण पोचत नव्हता तेथे सूर्याचे देऊळ उभे राहिले, हा विचार त्या पठारावरच्या वाऱ्यात माझ्या मनातून जाईना.

पठाराच्या पायथ्याशी मटणचा झरा आहे. माशांनी भरलेले स्वच्छ कुंड, त्याला लागून पंडितांची घरे. येथील पुरोहित पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या सांभाळीत आले आहेत. आमच्या नावगावाची चौकशी करून एका वयस्क पुरोहितांनी लाल कापडात बांधलेले दप्तर सोडले, आमच्या मुलखातल्या लोकांच्या नोंदी असलेली वही काढली, आणि तिच्यातील एका पानावर बोट ठेवून हे अक्षर आपल्याला वाचता येत नाही असे सांगितले. ते अक्षर मोडीचे होते. जुन्या इनामांची चौकशी करताना मला मोडी शिकावी लागली होती. चष्मा पुसून मी ती नोंद मोठ्याने वाचली. सातारा प्रांतातील एक गृहस्थ, त्यांचे वडील, आजोबा, बरोबर आलेली विधवा बहीण, आणि शेवटी ‘श्राद्धविधी यथासांग जाहला’ एवढे शब्द. शाई फिकी झाली होती, पण ‘जाहला’ मधला ‘ह’ लिहिणाऱ्याने झोकात ओढलेला स्पष्ट दिसत होता. पुरोहितांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतले आणि त्याखाली देवनागरीत लिहून ठेवले. १९९० च्या सुमारास खोऱ्यातील बहुतेक पंडित कुटुंबे परागंदा झाली. त्या काळात घरातले काय न्यावे आणि काय ठेवावे याचा विचार करायलाही उसंत नव्हती, तरी ही दप्तरे आपल्या वडिलांनी प्रथम बांधली, असे ते म्हणाले. मी अनेक कचेऱ्यांतील अभिलेखकक्ष पाहिले आहेत. एवढ्या निष्ठेने राखलेले दप्तर दुसरीकडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

तुळमुळला क्षीरभवानीचे स्थान आहे. चिनारांच्या गर्द छायेत एक अनियमित आकाराचे कुंड, त्याच्या मधोमध महाराजा प्रतापसिंहांनी १९१२ साली बांधलेले लहानसे संगमरवरी देऊळ, आणि पाण्यावर तरंगणारी दूध, खीर आणि गुलाबाच्या पाकळ्यांची साय. कुंडाचे पाणी रंग बदलते आणि काळसर रंग अशुभ मानतात. १८९८ साली स्वामी विवेकानंद येथे येऊन राहिले होते आणि रोज देवीला खीर अर्पण करीत होते. ज्येष्ठ अष्टमीला परागंदा झालेली पंडित कुटुंबे लांबलांबून येथे परत येतात, आणि त्यांना दूध, फुले, पणत्या पुरवणारे शेजारी त्या गावातले मुसलमानच असतात. माझ्या पत्नीने ज्या वृद्धेकडून दूध घेतले तिने पैसे घेण्याआधी भांड्यातले दोन थेंब स्वतःच्या बोटाने जमिनीवर शिंपडले आणि मग भांडे पुढे केले. त्याचे कारण पत्नीने विचारले नाही, मीही विचारले नाही. आमच्याकडे गाय व्याल्यावर पहिल्या दुधाचा थेंब आई असाच जमिनीला देत असे.

मानसबल हे या खोऱ्यातील सर्वांत खोल सरोवर. त्याच्या काठाशी, अर्धे पाण्यात आणि अर्धे बाहेर, एक इवलेसे दगडी देवालय आहे. पुस्तकात त्याच्याविषयी दोन ओळींहून अधिक मजकूर नसतो, परंतु या साऱ्या प्रवासात मला जर एकाच ठिकाणी परत जाता आले तर मी तेथे जाईन. नाव हाकणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. कमळाच्या पानांतून वाट काढीत, पानावरचे थेंब पाऱ्यासारखे इकडून तिकडे घरंगळत असता, त्याने आम्हांला देवालयाच्या अगदी दाराशी नेले. शिखर पिरॅमिडच्या घाटाचे, दगडांच्या सांध्यांतून शेवाळ. दाराच्या चौकटीपर्यंत पाणी, आणि गाभाऱ्यात देव नाही, तर हिरवट उजेड आणि त्या उजेडात स्थिर उभे असलेले बोटभर मासे. ऊन पाण्यावर पडून परतत होते आणि आतल्या छतावर त्याची जाळी हलत होती. मी विचारले, येथे मासे पुष्कळ दिसतात, तुम्ही पकडत नाही का? मुलगा म्हणाला, ‘दुसरीकडे पकडतो. इथे जाळे टाकत नाही.’ का, म्हणून विचारले तेव्हा त्याने फक्त खांदे उडवले आणि वल्ह्याने नाव मागे घेतली, जेणेकरून आमच्या सावलीने आतला उजेड अडू नये.

आता सुय्याविषयी. ज्याच्यासाठी मी खरे तर काश्मिरात गेलो होतो तो हा. राजे, राण्या, कपटी मंत्री आणि शूर सेनापती यांच्या कथांनी भरलेल्या ‘राजतरंगिणी’च्या पाचव्या तरंगात एक माणूस अचानक भेटतो, जो कोणत्याही राजकुळातला नाही. सुय्या नावाच्या एका चांडाळ स्त्रीला रस्ता झाडताना झाकलेल्या मडक्यात एक तान्हे मूल सापडले. तिने ते एका दाईकडे वाढवायला दिले आणि त्याला तिचेच नाव पडले. अवंतिवर्म्याच्या काळी महापद्म सरोवराचे, म्हणजे आजच्या वुलरचे, पाणी आणि वितस्तेचा पूर यांनी सारी शेती बुडालेली असे आणि एक खारी भाताला १०५० दिनार पडत. हा तरुण लोकांत सांगत फिरे की मला उपाय ठाऊक आहे, पण माझ्याजवळ द्रव्य नाही. लोक त्याला वेडा समजत. राजाने त्याला बोलावून खजिना उघडा करून दिला. सुय्याने नाण्यांनी भरलेली मडकी नावेत घातली, एका बुडीत गावाजवळ एक मडके नदीत टाकले, आणि पुढे यक्षदर येथे, जेथे डोंगरावरून कोसळलेल्या शिळांनी वितस्तेचा गळा आवळला होता, दोन्ही हातांनी नाणी पाण्यात फेकली. दरबारातल्या लोकांनी त्याची कीव केली. पण उपाशी गावकरी त्या नाण्यांच्या शोधात नदीत उतरले आणि त्यांनी दगड उपसून प्रवाह मोकळा केला. मग सुय्याने दगडी बांध घालून सात दिवस नदी अडवली, तळ साफ केला, पुन्हा शिळा कोसळू नयेत म्हणून काठाने भिंती बांधल्या आणि बांध काढून टाकला.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. १९७२ साली माझे पहिले काम दुष्काळी कामावरची हजेरी घेण्याचे होते. माळावर शेकडो माणसे खडी फोडीत बसलेली, बायकांच्या पदरात झोपलेली मुले, दुपारी वाटली जाणारी सुकडी, आणि संध्याकाळी मस्टरवर उठणारे अंगठे. त्या खडीतून रस्ते झाले, नाल्यांवर बांध झाले; त्यांतले काही बांध आजही पाणी धरतात, हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे. भुकेल्या माणसाला दान न देता काम द्यावे, आणि ते काम असे असावे की पुढल्या वर्षी त्याला पुन्हा भूक लागू नये, हा विचार आम्हांला शासकीय परिपत्रकांतून शिकवला गेला होता. तो नवव्या शतकात मडक्यात सापडलेल्या एका मुलाने केला होता, हे मला कोणीच सांगितले नव्हते. एवढ्यावर तो थांबला नाही. गावोगावची माती मागवून, ती भिजवून, ती सुकायला किती वेळ लागतो ते त्याने पाहिले आणि त्यावरून कोणत्या गावाला किती दिवसांनी पाणी द्यावे हे ठरवले. आम्ही जमिनीची प्रतबंदी करताना खोली, रंग, पोत पाहत असू. ओल किती टिकते हे पाहणारा मोजणीदार माझ्या आढळात नाही. त्याच्या कामानंतर एक खारी भात ३६ दिनारांना मिळू लागला. कल्हण त्याची तुलना प्रत्यक्ष विष्णूशी करतो. पाण्यातून पृथ्वी वर काढणे, ती ब्राह्मणांना देणे, पाण्यात दगडी सेतू बांधणे आणि कालियाला वश करणे ही चार कामे देवाला चार अवतारांत करावी लागली. सुय्याने ती एका जन्मात केली, असा त्याचा आशय आहे. या तुलनेत मला अतिशयोक्ती वाटत नाही. काश्मीरसारख्या भूमीत, जी पाण्यातून वर आल्याचे पुराणच सांगते, पाण्याला वाट करून देणारा माणूस देवाच्या पंक्तीत बसणारच. आपण जिला सापडलो त्या स्त्रीच्या नावाने त्याने एक गाव दान दिले आणि एक सेतू बांधला. महापद्म सरोवरात मासे आणि पक्षी मारायला कायमची बंदी घातली. मानसबलचा तो मुलगा मला येथे आठवला.

पाणी मात्र कोणाचे ऋण मानीत नाही. २०१४ च्या सप्टेंबरात वितस्ता श्रीनगरात शिरली तेव्हा, आमचा वृद्ध नावाडी सांगत होता, पक्क्या घरांतली माणसे वरच्या मजल्यांवर अडकली आणि आम्ही शिकारे घेऊन गल्ल्यांतून फिरलो; ज्या खिडक्या आम्ही जन्मभर खालून पाहिल्या त्यांतून लोकांना उतरवून घेतले. वुलरही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. गाळ साचला, काठाकाठाने विलोची दाट लागवड झाली, आणि त्या झाडांच्या मुळांशी गाळ आणखी धरला गेला. आता ती झाडे तोडून तळ उपसण्याचे काम चालते. ते काम पाहताना, यंत्रे आणि त्यांच्याजवळ उभी असलेली माणसे पाहताना, मला आनंद झाला, आणि ते पुरे व्हावे असे मनापासून वाटले, जसे आपल्या गावच्या कामाविषयी वाटावे तसे.

शेवटच्या दिवशी आम्ही सोपोरला गेलो. सुय्यापूर हे त्याचे मूळ नाव; वितस्ता वुलरमधून बाहेर पडते तेथे सुय्याने वसवलेले. शहर आता सफरचंदांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे, आणि सुय्याचे स्मारक म्हणावे असे तेथे माझ्या दृष्टीस काही पडले नाही. घाटावर दोन स्त्रिया शिंगाड्यांच्या टोपल्या धूत होत्या. नदीचे पाणी पायरीच्या खाली तीन-चार बोटे होते. मी पायरीवर बसून काठाची मूठभर माती घेतली, ती पाण्यात भिजवली, मळून तिचा लिंबाएवढा गोळा केला आणि रुमालात गुंडाळून हातात धरला. बारामुल्लापर्यंतची वाट फार लांबची नाही. वराहमूल हे त्या गावाचे जुने नाव. तेथूनच डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि अनंताने नांगराने फोडली म्हणतात ती वाट सुरू होते. गाडीतून उतरलो तेव्हा खाली नदी दगडांतून पांढरी होऊन धावत होती आणि तिचा आवाज पुलावर स्पष्ट येत होता. मी रुमाल सोडला. गोळ्याची बाहेरची कड सुकून फिकी झाली होती, तिला बारीक भेगा पडल्या होत्या. पत्नीने तो माझ्या हातातून घेऊन मधोमध फोडला. आत माती अजून काळी होती, आणि बोट लावले तर ओली लागत होती.